लोकसेवी संस्थांची दवंडी आणि समाजमाध्यमें

गेल्या चैत्रांत आपल्या संघाच्या कार्यकारी मंडळापुढें एका तरुण सभासदानें अशी सूचना मांडली कीं, टपालाचा व छपाईचा खर्च दिवसेंदिवस वाढत असल्यामुळें संघानें आपल्या सर्व सूचना, शिबिरांचीं निमंत्रणें व देणगीचीं आवाहनें यापुढें केवळ व्हॉट्सॲप व फेसबुक यांवरूनच द्यावीं, आणि हें मासिकही हळूहळू त्याच वाटेनें जाऊं द्यावें. सूचनेवर बरीच भवति न भवति झाली. वडील मंडळींपैकीं कित्येकांनीं ती हंसण्यावारी नेली. तरुणांपैकीं कित्येकांस त्या हंसण्याचा राग आला. आणि विषय येत्या सर्वसाधारण सभेवर टाकून बैठक उठली. सभेपूर्वीं सभासदांनीं या प्रश्नाचा नीट विचार करावा, एवढ्याचसाठीं हा लेख. प्रस्तुत लेखक साठीच्या पुढें गेलेला असला तरी रोज सकाळीं बाजारभाव मोबाइलवरच पाहतो. तेव्हां त्यास यंत्राचा तिटकारा आहे, असें कोणीं समजूं नये.

जुन्या काळीं गांवांत बातमी पोंचविण्याचें साधन म्हणजे दवंडी. ती ज्यांनीं ऐकली आहे त्यांस ठाऊक असेल कीं, दवंडीचा खरा गुण तिच्या आवाजांत नव्हता. कोणाच्या हुकुमानें ती पिटली जात आहे हें पहिल्याच वाक्यांत कळे, आणि ती घरांतल्या बायकामाणसांस, गोठ्यांतल्या गड्यास व ओट्यावरच्या पाटलास एकाच वेळीं ऐकूं येई. खोटी दवंडी पिटण्याचें धाडस सहसा कोणी करीत नसे, कारण पिटणारास दुसऱ्या दिवशीं त्याच आळींतून जावयाचें असे.

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचें उदाहरण तर याहूनही बोलकें आहे. हातीं कागद नाहीं, छापखाना नाहीं, अशा स्थितींत या पुरुषानें केवळ कीर्तनाच्या बळावर लोकांकडून पैसा उभा करून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीं धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या कीर्तनाची रीत अशी कीं, श्रोत्यांस सारखे प्रश्न विचारावयाचे व उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यावयाचें. आणि कीर्तनास उभे राहण्यापूर्वीं हातांत खराटा घेऊन गांव झाडावयाचें. काम आधीं व आवाहन मागाहून, हा क्रम त्यांनीं कधीं सोडला नाहीं. आजकालच्या कित्येक लोकसेवी संस्थांचीं फेसबुकावरील पानें पाहिलीं म्हणजे हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो, हें येथें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

आतां नव्या साधनांकडे वळूं. फेसबुक २००४ सालीं, यूट्यूब २००५ सालीं व व्हॉट्सॲप २००९ सालीं निघालें. व्हॉट्सॲपच्या एका गटांत २०२२ पूर्वीं २५६ माणसें राहत, आतां १०२४ राहूं शकतात. म्हणजे एक मध्यम गांव एका गटांत मावतें. खर्च जवळजवळ नाहीं. ज्या संस्थेजवळ पगारी प्रचारक नाहीं, मोटार नाहीं व छपाईला पैसा नाहीं, तिला हें साधन म्हणजे मोठीच सोय आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, या सोयीनें माणूस खरोखर कामाला लागतो काय? संदेश पाहिल्याच्या दोन निळ्या रेघा उमटल्या म्हणजे निरोप पोंचला असें समजावयाचें, तर मग बांधावरून जाणारा पाऊसही शेतांत मुरला असें समजावें लागेल.

याविषयीं एक प्रयोग आपल्या शेतकरी वर्गाशीं निकटचा आहे. सन २००६ मध्यें बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत 'डिजिटल ग्रीन' या नांवानें एक उपक्रम सुरू झाला व पुढें तो स्वतंत्र लोकसेवी संस्था बनला. कर्नाटकांतील खेड्यांत शेतीसुधारणेचे धडे चलच्चित्रांनीं द्यावयाचे, अशी मूळ कल्पना. परंतु या मंडळींनीं शहरांतून नट आणले नाहींत, कीं विद्यापीठांतील तज्ज्ञास कॅमेऱ्यापुढें उभें केलें नाहीं. त्याच पंचक्रोशींतील एखादा शेतकरी आपल्याच शेतांत ती क्रिया करून दाखवीत आहे, त्याच्या बोलींत चुका आहेत, मागें बैल हंबरत आहे, असें तें चित्र असे. तें दाखविण्याकरितां गांवांतीलच एक माणूस नेमलेला असे. तो मधूनमधून चित्र थांबवी, 'आतां काय केलें?' म्हणून विचारी, आणि कोणीं काय उचललें याची टिपणवही ठेवी. आठ गांवांत ही रीत व आठ गांवांत नेहमींची शेतकी खात्याची रीत अशी तेरा महिने तुलना केली, तेव्हां नव्या रीतीनें सुधारणा उचलणाऱ्यांचें प्रमाण सुमारें सातपट भरलें, आणि दर रुपयामागें होणारें काम दहापट.

या प्रयोगांतील सर्वांत मार्मिक गोष्ट आंकड्यांत नाहीं. चित्र सुरू होतांच शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असे, 'हा कोण? कोणत्या गांवचा?' क्रिया कोणती, औषध कोणतें, हे प्रश्न मागाहून येत. आपल्यासारख्याच जमिनीचा, आपल्यासारख्याच ऐपतीचा माणूस दिसला तरच त्याचें ऐकावयाचें, हा आपला जुना हिशेब त्यांत दिसतो, आणि तो हिशेब अगदीं बरोबर आहे. या प्रयोगांत भाग घेणारे संशोधक केंतारो टोयामा यांनीं पुढें २०१५ सालीं एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, यंत्र हें माणसांतील मूळच्या शक्तीस केवळ वाढवितें, नसलेली शक्ति निर्माण करीत नाहीं. हें वाचतांना प्रस्तुत लेखकास विहिरीवरच्या मोटारीची आठवण झाली. झऱ्याला पाणी असेल तर मोटार शेत भिजविते. कोरड्या विहिरींत ती नुसती तापते.

आमच्या तालुक्यांतील स्वतःचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. दोन वर्षांपूर्वीं मृगाच्या आधीं सोयाबीनच्या घरगुती बियाण्याची उगवणशक्ति तपासण्याचें शिबिर संघानें योजिलें. रंगीत पत्रक तयार झालें. त्यांत मान्यवरांचीं छायाचित्रें होतीं, बोधचिन्हें होतीं, आणि शिबिर कशाचें हें खालच्या ओळींत बारीक अक्षरांत होतें. तें पत्रक निदान वीस गटांत फिरलें. शिबिरास सतरा माणसें आलीं, व त्यांतील नऊ कार्यकर्तेच होते. मग एका चिटणिसाच्या मुलानें आपल्या आजीचें दोन मिनिटांचें चलच्चित्र काढलें. आजीनें अंगणांत ओलें गोणपाट अंथरलें, त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी करून ती सावलींत ठेवली आणि म्हणाली, 'पाणी शिंपडत राहा, पांचसहा दिवसांनीं उघडा, मोजा. शंभरांत सत्तर उगवले तर एकरीं तीस किलो पेरा. थोडे कमी भरले तर बी त्या मानानें वाढवा. फारच कमी असले तर पेरूं नका, डाळमिलास घाला.' सोयाबीनची डाळ होत नाहीं हें आजीस कळत होतें. ती विनोद करीत होती, आणि त्या विनोदामुळेंच तें चित्र गांवोगांव गेलें. पुढील आठवडाभर संघाच्या कचेरींतील फोन वाजत राहिला. एका शेतकऱ्यानें तर आपल्या गोणपाटाचेंच छायाचित्र पाठवून विचारलें कीं, एकेचाळीस उगवले आहेत, आतां काय करूं? त्याचें त्या वर्षींचें दुबार पेरणीचें संकट टळलें, तें या एका प्रश्नामुळें. पत्रक एकाच बाजूनें बोलत होतें; आजीच्या चित्रानें गांवास बोलतें केलें.

पाणी फाउंडेशनचें काम महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे. २०१६ सालीं वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू झाली आणि तिसऱ्या वर्षीं ती पंचाहत्तर तालुक्यांत पोंचली. दूरचित्रवाणी, यूट्यूब, फेसबुक या साऱ्यांचा त्या संस्थेनें मनमुराद उपयोग केला. १ मे २०१८ रोजींच्या महाश्रमदानास शहरांतील माणसांनीं इंटरनेटवर जलमित्र म्हणून नांवें नोंदवून खेड्यांत येऊन कुदळ मारली. तो देखावा चांगला होता व त्याची चेष्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु शहरची माणसें एक दिवस आलीं. गांव मात्र ८ एप्रिलपासून २२ मेपर्यंत पंचेचाळीस दिवस, उन्हाच्या तिरिपींत, चर खणत होतें. त्यापूर्वीं गांवांतील निवडक स्त्रीपुरुषांनीं घर सोडून निवासी प्रशिक्षण घेतलें होतें. जाहिरातीचा झोत ज्याच्यावर पडला, तें काम झोत येण्यापूर्वीं उभें होतें. २०२२ पासून सुरू झालेल्या त्यांच्या फार्मर कपांतही शेतकऱ्यांचे गट आधीं बांधले गेले, व ऑनलाइन शेतीशाळा त्या बांधलेल्या गटांसाठीं भरली. ही गोष्ट आपल्या तरुण सभासदांनीं लक्षांत घ्यावी.

देणग्यांच्या बाबतींत अमेरिकेंतील २०१४ सालच्या बर्फाच्या बादलीचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. मज्जातंतूंच्या एका दुर्धर रोगाकरितां डोक्यावर बर्फाचें पाणी ओतून घेण्याची ती टूम होती, आणि तिच्या योगें तेथील संस्थेस सुमारें साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. पैसा संशोधनाकडे गेला, उत्तम झालें. पण त्याच पावसाळ्यांत मराठवाडा आभाळाकडे डोळे लावून बसला होता, आणि आपल्याकडील कांहीं हौशी मंडळी बादल्या ओतून घेत होती. हैदराबाद येथील एका महिला पत्रकारास मात्र शहाणपण सुचलें. त्यांनीं बर्फाऐवजीं तांदळाची बादली भरून गरजू माणसास द्यावी व त्याचें छायाचित्र टाकावें, अशी तोड काढली. उसनी युक्ति आपल्या मातींत कशी लावावी, याचा हा एक नमुना समजावा.

येथवर गुण झाले. आतां जें सांगावयाचें तें सांगतांना मन कचरतें.

१ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं आठवडेबाजाराच्या दिवशीं भिक्षेकरी जमातीचे पांच इसम जमावानें ठेंचून मारले. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असा संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून गांवोगांव फिरत होता. संदेशास सही नव्हती. ज्यांनीं तो पुढें पाठविला त्यांतील बहुतेकांनीं तो चांगल्या हेतूनें, शेजाऱ्याच्या लेंकराचें रक्षण व्हावें म्हणूनच पाठविला असेल. त्यानंतर व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठविण्यास बंदी घातली, व एप्रिल २०२० मध्यें वारंवार फिरलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं जाईल अशी व्यवस्था केली. त्याच २०२० सालीं कोंबडी खाल्ल्यानें करोना होतो, ही आवई उठली. फेब्रुवारी-मार्चांत कोंबड्यांचे भाव उत्पादनखर्चाच्याही खालीं आले. कित्येकांनीं पक्षी फुकट वाटले, कित्येकांनीं जमिनींत पुरले. आपल्या वाचकांपैकींही कांहींचे शेड तेव्हां रिकामे झाले, व त्यांचें कर्ज अजून फिटलेलें नाहीं. खुलासे निघाले, डॉक्टरांनीं सांगितलें, परंतु खुलासा नेहमीं बैलगाडींतून जातो.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, लोकसेवी संस्थेच्या नांवें जो संदेश जाईल त्याखालीं लिहिणाराचें नांव, संस्थेचें नांव व तारीख असलीच पाहिजे, आणि कोठून तरी आलेला संदेश संस्थेच्या गटांत पुढें ढकलण्याचा अधिकार कोणासही नसावा. तारखेचा आग्रह कित्येकांस पंतोजीपणाचा वाटेल. परंतु गेल्या सालचा हवामानाचा इशारा यंदा फिरतो आणि माणसें कापलेला गहू रातोरात झांकूं लागतात, हें आपण पाहिलें आहे.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या भागांतील एका संस्थेनें कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीस धनादेश दिला. देतेवेळींचें छायाचित्र, तिचें नांव, गांव व फोन नंबर, सर्व फेसबुकावर गेलें. हेतु असा कीं, दात्यांनीं परस्पर मदत करावी. मदत कांहीं आली. परंतु रात्रीं-अपरात्रीं अनोळखी पुरुषांचे फोनही येऊं लागले, आणि तिच्या मुलीस शाळेंत मुलें त्या चित्रावरून चिडवूं लागलीं. त्या माऊलीनें शेवटीं नंबर बदलला. संस्थेचें तें चित्र प्रस्तुत लेखकानें परवां पाहिलें तेव्हां तें तेथेंच होतें. ज्यास आपण देतों त्याचा चेहरा जगास दाखविण्याचा हक्क देणाऱ्यास कोणीं दिला? २०२३ सालीं व्यक्तीच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेनें केला आहे. पण कायदा नसता तरीही आपल्या घरांत पाहुण्यास वाढलेल्या ताटाची जाहिरात आपण करीत नाहीं, एवढें तरी स्मरावें. मदत घेणारानें स्वखुषीनें सांगितलेली हकीकत जरूर छापावी. धनादेशाच्या दोन टोकांस धरलेलीं छायाचित्रें मात्र संघाच्या नांवें जाऊं नयेत.

तिसरी गोष्ट तरुण सभासदांच्या ध्यानांत आली नसावी असें वाटतें. संघाच्या कामाचा निम्मा भार स्त्रिया उचलतात. बियाणें निवडतात त्या, खुरपतात त्या, कापूस वेंचतात त्या, शेळ्याकोंबड्या पाहतात त्या. आणि २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांत स्वतः वापरावयाचा मोबाइल असणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण सुमारें ५४ टक्के, व इंटरनेट कधींतरी वापरलेल्या स्त्रियांचें ३३ टक्के होतें. मोबाइल यजमानाच्या खिशांत, यजमान तालुक्यास. आणि शिबिर स्त्रियांसाठीं! केवळ व्हॉट्सॲपवर भिस्त ठेवणें म्हणजे अर्धा गांव दवंडीबाहेर ठेवणें होय. म्हाताऱ्या सभासदांचें तर बोलावयासच नको. यास्तव छापील अंक, चावडीवरचा फळा व आठवडेबाजारांतील आपलें टेबल हीं बंद करण्यास आमचा विरोध आहे. खर्चाची सोय पाहिजे असेल तर अंकाचा कागद हलका करावा, वार्षिक अहवालांतील पदाधिकाऱ्यांचीं चित्रें कमी करावीं; बरीच बचत होईल.

आणखी एक धोका व्यावहारिक आहे. गट, पान, चित्रवाहिनी यांची जमीन आपली नव्हे; आपण तेथें खंडानें राहतों. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां खेड्यापाड्यांतील किती तरी मंडळींनीं वर्षानुवर्षें जमविलेला प्रेक्षकवर्ग एका दिवसांत नाहींसा झाला. बंदी योग्य कीं अयोग्य हा येथें प्रश्न नाहीं. फेसबुकावर पान असलें तरी त्यावरील मजकूर किती अनुयायांस दाखवावयाचा हें कंपनी ठरविते, आणि अधिकांस दाखवावयाचा तर पैसे मागते. सबब सभासदांचीं नांवें, गांवें व नंबर यांची वही संघाच्या कपाटांत असावी आणि तिची प्रत दुसऱ्या एका जबाबदार माणसाच्या घरीं असावी. गटाची किल्ली निदान तिघांच्या हातीं असावी. एकच ॲडमिन असला व तो रुसला, तर सारा संघ रुसतो, हा अनुभव शेजारच्या तालुक्यानें घेतलाच आहे.

व्हॉट्सॲपवर टाकलेलें ज्ञान वाहत्या पाण्यासारखें आहे. चार दिवसांनीं शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. जें टिकावें असें वाटतें, जसें आजीचें तें चलच्चित्र, तें यूट्यूबवर स्पष्ट मराठी नांव देऊन ठेवावें, म्हणजे पुढल्या मृगांत कोणीही शोधून काढील. या मासिकाच्या जुन्या फायलींचेंही तसेंच. त्यांत वाफसा, बांधबंदिस्ती, जोंधळ्याच्या जुन्या जाती यांवर जें लिहून ठेविलें आहे तें आज दुसरीकडे कोठें मिळणार नाहीं, आणि कपाटांत वाळवी त्यावर आपलें मत नोंदवीत आहे. आपल्या देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याच्या लेखनाचा स्वामित्वहक्क संपतो. अशा लेखांचीं पानें टिपून इंटरनेट आर्काइव्हसारख्या मुक्त ग्रंथालयांत ठेवण्यास कोणाची आडकाठी येणार नाहीं. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून चालू आहे व शेतीवरील तिचीं पानें सुधारण्यास हात पाहिजेतच आहेत. ज्या तरुण सभासदांस मोबाइलचा उत्साह आहे, त्यांनीं या कामांत पडावें. वडील मंडळी त्यांस जुन्या शब्दांचे अर्थ सांगतील.

देणगीसाठीं क्यूआर कोड छापण्यास हरकत नाहीं. मात्र तो संघाच्याच खात्याचा असावा, कोणा चिटणिसाच्या नव्हे, व दरमहा जमेचा आंकडा अंकांतही छापला जावा आणि गटांतही टाकला जावा. पैसे घेण्याकरितां कधींही पिन टाकावा लागत नाहीं, ही एक ओळ त्या कोडाखालीं ठळक अक्षरांत असावी. एवढ्या अज्ञानापायीं आपल्या दोघां सभासदांनीं गेल्या दिवाळींत पैसे गमाविले.

सर्वसाधारण सभेपुढें प्रस्तुत लेखक उपसूचना मांडणार आहे ती अशी: गट सुरू करावा, अंक चालू ठेवावा, गटांत काय जावें हें ठरविण्यास तीन माणसें नेमावीं व त्यांत एक तरी स्त्री असावी, विचारलेल्या प्रश्नास दोन दिवसांत उत्तर देणें त्यांच्यावर बंधनकारक असावें, आणि वर्षाअखेर किती संदेश पाठविले याऐवजीं किती प्रश्न आले व त्यांतील कितींचीं उत्तरें शेतांत उतरलीं याची वही सभेपुढें ठेवावी. सभेस येतांना प्रत्येक सभासदानें घरांतील ज्या स्त्रियांजवळ स्वतःचा मोबाइल आहे त्यांचे नंबर त्यांस विचारून लिहून आणावे; ज्यांच्याजवळ नाहीं त्यांचीं नुसतीं नांवें आणावीं. फळ्यासाठीं खडू कचेरींत आहे.